कबुतरांच्या खोपटाचं दार

ट्रॅक्टर मागे मागे घेत आला,
फाटकाचा एक खांब वाकवला,
आणि आमच्या परसात ओतून गेला
साखर कारखान्याची मळी.
बिटाचा रस निवळून झाल्यावर उरलेला चुना:
ओला, करडा,
किंचित गोडसर वासाचा.

आई दारातून हलली नाही.
"पुन्हा कारखान्याचं," म्हणाली,
"आणि पुन्हा फुकट."

तिच्या त्या 'पुन्हा'मध्ये
बाबांची एकचाकी गाडी कुरकुरत होती.
सायलेशियातल्या त्या हिवाळ्यांत
जस्ताच्या भट्टीवरची पाळी संपली की
टेओफिल, माझा बाप,
गाडीभर धातुमळी घेऊन यायचा,
काळी, काचेसारखी चमकणारी,
आणि वाफ्यांमधल्या वाटांवर अंथरायचा,
आमचे बूट चिखलात रुतू नयेत म्हणून.
केवढा खूश असायचा!
शेजारच्यांनाही दोन-दोन गाड्या दिल्या त्याने.

ब्रिगिडा त्याच वाटांवर रांगायला शिकली.
पुढे तिला पाढे कधीच पाठ झाले नाहीत.
मास्तर रागावले, आई रागावली.
मातीला कुणी काही विचारलं नाही.

दाग्मारा प्रयोगशाळेतून आली होती,
गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, लांब गिरमिट.
सरळ सांगितलं तिने:
"शिसं कुठे जाणार नाही. कॅडमियमही नाही.
माती आंबट असली की ते पाण्यात सुटतं,
मुळांच्या तोंडी लागतं.
चुना आंबटपणा मारतो,
मग ते मातीलाच चिकटून बसतं."
"म्हणजे चोर घरातच."
"घरातच. पण हातपाय बांधून."
"आणि गाठ किती वर्षं टिकते?"

दाग्मारा वहीतून वर पाहत राहिली.
हा प्रश्न तिला सहसा कुणी विचारत नसावं.
"पाऊस पडतो, ओतिलियाबाई.
गाठ सैल होते. पुन्हा आवळायची."

पहिल्या वर्षी मी एकट्यानेच पसरली.
दाताळ्याला ढेकळं चिकटत होती,
हातांची कातडी सुकून तडकली.
आई खिडकीत, पडदा अर्धा ओढलेला.

दुसऱ्या वर्षी कागद आला.
बटाटे: मर्यादेच्या आत.
गाजरं: आत, जेमतेम.
सेलरीचे कंद: बाहेर.
आईने दोनदा वाचला,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

तीस वर्षं तिने सेलरी विकली होती,
चर्चसमोरच्या बाजारात, दर शुक्रवारी,
देठ ओल्या फडक्यात गुंडाळून.
त्या रात्री जेवताना ती नावं घेत होती,
गिऱ्हाइकांची, एकेक,
कोण बाळंतीण होती,
कोण आजारी आईसाठी सूप करायला न्यायची.
मी म्हटलं, तुला काय माहीत होतं?
ती म्हणाली, माहीत नव्हतं हे खरंय,
आणि पाव मोडत राहिली.

सकाळी उठून पाहतो तर
सेलरीचा वाफा उपटलेला,
कंद पोत्यात, पोत्याचं तोंड शिवलेलं,
वर लाल रंगाने लिहिलेलं: खाऊ नका.
तिथे आता डेलिया आहेत.
मला डेलिया आवडत नाहीत,
मोठाली, बटबटीत फुलं ती.
पण त्यांना कुणी खात नाही.

तिसऱ्या वर्षी तिनेच बादली उचलली.

बाबांचं कबुतरांचं खोपटं अजून उभं आहे.
कबुतरं नाहीत.
दाराच्या आतल्या बाजूला
त्यांची पेन्सिल अजून वाचता येते:
कुठून सोडलं, किती वाजता परतलं,
एका ओळीपुढे नुसतंच: नाही आलं.
त्याच्या खाली आईने पट्टी धरून रेघा मारल्या,
वर्ष लिहिलं, शरद लिहिला,
"मळी, वाफ्याला चार बादल्या,"
आणि पुढच्या वर्षांचे आकडे
पार खाली बिजागरीपर्यंत,
तिच्या वयाला पुरून उरतील इतके.
त्यांच्यापुढची जागा कोरी.

पेन्सिल तिने दोऱ्याने
खिळ्याला बांधून ठेवली आहे.